इगतपुरीची दहा दिवसांची विपश्यना: शिबिराचे आणि त्यानंतरच्या घराचे परीक्षण

मनःशांतीचा विषय निघाला की ‘एकदा इगतपुरीला जाऊन या’ असा सल्ला आपल्याकडे कोणीतरी देतोच. सल्ला देणाऱ्यांत स्वतः जाऊन आलेले थोडे आणि ऐकीव माहितीवर बोलणारे अधिक असल्याने या शिबिराविषयी दोन टोकांची मते पसरली आहेत. कोणाला त्यात आयुष्य पालटून टाकणारे काहीतरी दिसते, तर कोणाला ती स्वतःहून ओढवून घेतलेली शिक्षा वाटते. मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातले विपश्यनेचे, म्हणजे अंगावरच्या संवेदना शांतपणे जाणत राहण्याच्या ध्यानाचे, दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे आणि त्यानंतर बँकेतली नोकरी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि वयस्कर सासूबाई अशा भरल्या संसारात ती साधना चालू ठेवली आहे. म्हणून हे परीक्षण लिहिताना एकच कसोटी लावणार आहे. तिथल्या डोंगरात मन शांत होते की नाही, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. जिथे मोबाइल नाही, स्वयंपाक नाही आणि कोणी काही मागायला येत नाही, तिथे चार-सहा दिवसांनी बहुतेकांचे मन निवतेच. घरी परतल्यावर सोमवारी सकाळच्या घाईत त्यातले काय हाताशी उरते, हे मला महत्त्वाचे वाटते.

धम्मगिरी हे केंद्र नाशिक जिल्ह्यात, कसारा घाट चढून वर आल्यावर लागणाऱ्या इगतपुरी गावाच्या कडेला आहे. मुंबई-नाशिक लोहमार्गावरचे इगतपुरी स्थानक तिथून जवळच असून रिक्षाने काही मिनिटांत पोचता येते. १९७६ पासून इथे शिबिरे चालू आहेत आणि आज भारताबाहेरही अनेक देशांत ज्या पद्धतीची केंद्रे आहेत, त्यांचा मूळ नमुना हाच आहे. ही साधना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोयंका १९२४ साली मंडालेत जन्मले. ब्रह्मदेशात स्थायिक झालेल्या मारवाडी व्यापारी कुटुंबातला हा माणूस तीव्र अर्धशिशीने हैराण झालेला होता आणि त्याच त्रासापायी १९५५ मध्ये रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे पोचला. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी साधना शिकवायला ऊ बा खिन यांनी आधी नकार दिला होता, ही हकीकत गोयंकाजी स्वतः सांगत असत. पुढे सुमारे चौदा वर्षे त्यांच्यापाशी शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

या परंपरेतली मला सर्वांत आश्वासक वाटणारी गोष्ट म्हणजे ऊ बा खिन यांचा व्यवसाय. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर ते त्या देशाचे महालेखापाल झाले, म्हणजे हिशेब, फायली, लेखापरीक्षण आणि हाताखालचे कर्मचारी यांच्यात दिवस काढणारे सरकारी अधिकारी. १९५० मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात साधकांचे एक मंडळ स्थापन केले आणि १९५२ मध्ये रंगूनला साधनेचे केंद्र उघडले. त्यांचे स्वतःचे गुरू सया थेट जी हेही भिक्षू नव्हते, ते शेतकरी होते. शिबिरातली शिस्त कितीही विहारासारखी वाटली, तरी ही साधना ज्यांच्या हातून आपल्यापर्यंत आली ती माणसे प्रपंचात आणि कामात बुडालेली होती, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

शिबिराला शुल्क नाही. राहणे, जेवण, शिकवणे यांपैकी कशाचेही पैसे घेतले जात नाहीत आणि शेवटी दान द्यायचे असेल तर तेही शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच स्वीकारतात. स्वयंपाकघरापासून साधनेच्या सभागृहापर्यंत सेवा करणारे धम्मसेवक स्वतः आधी शिबिर केलेले असतात आणि ते मोबदला घेत नाहीत. शिकवणाऱ्या सहायक आचार्यांनाही मानधन नसते. पैसे मोजून विश्रांतीसाठी जाणाऱ्या माणसाच्या मनात ‘मला याचा मोबदला मिळाला पाहिजे’ हा हिशेब चालू असतो. इथे तो पहिल्या संध्याकाळीच गळून पडतो, कारण समोर आलेले ताट आपल्या आधी बसून गेलेल्या कोणा अनोळखी माणसाच्या दानातून आलेले असते. ज्याला मागण्याचा हक्क उरलेला नाही तो तक्रारही कमी करतो, आणि मन स्थिर व्हायला याची मोठी मदत होते असे माझे निरीक्षण आहे.

दिनक्रम कडक आहे आणि त्याची आधी नीट कल्पना असावी. पहाटे चार वाजता घंटा होते, साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता, आठला सामूहिक साधना, अकरा वाजता जेवण, दुपारी एक वाजल्यापासून पुन्हा साधना, पाचला चहा, सहा ते सात सामूहिक साधना, सातला प्रवचन, त्यानंतर थोडी साधना आणि साडेनऊला दिवे बंद. एकंदर दिवसात दहा तासांहून अधिक वेळ बसण्यात जातो. जेवण शाकाहारी, साधे आणि पोटभर असते. संध्याकाळी जेवण नसते. नव्या साधकांना पाच वाजता चहा किंवा दूध, कुरमुरे आणि फळ मिळते, तर जुने, म्हणजे आधी शिबिर केलेले, साधक लिंबूपाण्यावर भागवतात. रात्री भूक लागेल या भीतीने अनेक जण आधीच धास्तावलेले असतात, विशेषतः मधल्या वेळच्या खाण्याची सवय असलेले आपण मराठी लोक. प्रत्यक्षात दिवसभर जागेवर बसून राहणाऱ्या शरीराला फारसे लागत नाही. त्या वाटीभर कुरमुऱ्यांकडे मात्र लक्ष जाते. घरी टीव्हीसमोर मूठ मूठ तोंडात टाकताना ज्याची चव कधी कळली नव्हती, तो कुरमुरा जिभेवर ठेवला की आधी खरबरीत लागतो, मग ओला होऊन आक्रसतो आणि किंचित खारट चव सोडत विरघळतो, इतके बारकावे टिपता यावेत एवढे मन तोवर संथ झालेले असते.

मौनाविषयी लोक सर्वाधिक विचारतात आणि माझ्या मते सर्वांत सोपे तेच आहे. सुरुवातीच्या संध्याकाळपासून दहाव्या दिवशीच्या सकाळपर्यंत आर्यमौन पाळायचे असते. ते फक्त तोंडाचे नसते. खाणाखुणा आणि नजरेला नजर देणेही टाळायचे असते. वाचायला काही नाही, लिहायला काही नाही, मोबाइल आल्याबरोबर जमा केलेला असतो. शंका असेल तर सहायक आचार्यांशी आणि गैरसोय असेल तर धम्मसेवकांशी बोलण्याची मुभा असते, म्हणजे अडचणीत कोणी एकटे पडत नाही. स्त्रियांची आणि पुरुषांची व्यवस्था पूर्ण वेगळी असते. दिवसभर घरात आणि कार्यालयात चेहरा सांभाळून, प्रत्येकाच्या मर्जीप्रमाणे हसून बोलत राहणाऱ्या बाईला या मौनात जो मोकळेपणा मिळतो, तो दुसऱ्या कोणत्याही सुट्टीत मिळत नाही. माहेरीसुद्धा बोलावे लागतेच.

पहिले तीन-साडेतीन दिवस आनापान शिकवतात. नाकातून आत येणारा आणि बाहेर जाणारा नैसर्गिक श्वास जाणत राहायचा, त्यावर कसलेही नियंत्रण ठेवायचे नाही आणि त्याला कोणतेही नाम किंवा रूप जोडायचे नाही. मग लक्ष ठेवण्याची जागा हळूहळू लहान करत नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वरच्या एवढ्याशा भागावर आणायची. ऐकायला हे अगदी सोपे वाटते. करायला बसल्यावर कळते की चार श्वासही सलग जाणले जात नाहीत, पाचव्याला मन गॅसचा सिलिंडर संपत आला असेल का, इथपासून वीस वर्षांपूर्वी कोणा नणंदेने लग्नात काय टोमणा मारला होता, इथपर्यंत फिरून आलेले असते. शिबिरातली सूचना अशा वेळी एकच असते की मन गेले हे जाणावे, त्यावर चिडू नये आणि पुन्हा श्वासावर यावे. ही सूचना किती वेळा ऐकली याची गणती राहत नाही, आणि तसे होणे गरजेचेच आहे. कारण स्वतःवर न चिडता पुन्हा सुरुवात करणे ही संपूर्ण शिबिरातली संसाराला सर्वांत उपयोगी पडणारी सवय आहे, आणि ती कानावर सतत आदळल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. आता लक्ष डोक्यापासून पायांपर्यंत क्रमाने न्यायचे, प्रत्येक भागावर जी संवेदना असेल ती जाणायची आणि सुखद वाटली म्हणून हवीशी किंवा दुःखद वाटली म्हणून नकोशी करायची नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एक तासाची अधिष्ठानाची बैठक होते, जिच्यात शक्यतो हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत आणि डोळे उघडायचे नाहीत. या बैठकीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण शिबिराचे मर्म तिच्यात आहे आणि अर्धवट सोडून जाण्याचा विचारही इथेच मनात येतो.

साधारण अर्ध्या तासानंतर गुडघा दुखू लागतो. आधी ती जागा नुसती जड होते, मग आत कोणीतरी हळूहळू स्क्रू पिळत असल्यासारखा ठणका सुरू होतो आणि त्याबरोबर मन बोलू लागते की पाय कायमचा अधू होणार, ही माणसे विचारशून्य आहेत, घंटा द्यायला आज विसरले असावेत. सूचनेप्रमाणे त्या ठणक्याकडेच लक्ष दिले तर दिसते की तो सलग नाही. मध्ये उष्णता आहे, कडेला मुंग्या आहेत, मध्येच क्षणभर काहीच नाही आणि पुन्हा कळ आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे गुडघ्यातले दुखणे आणि ‘हे थांबलेच पाहिजे’ ही मनाची तडफड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्यक्ष अनुभवाला येते. तडफड थोडी जरी सैल झाली तरी दुखणे सोसवते. बैठक संपून पाय सोडला की थोड्या वेळात सगळे पूर्ववत होते. हे ज्ञान पुस्तकात वाचून समजते, पण उतरत नाही. स्वतःच्या गुडघ्यावर ते एकदा पाहिले की पुढे संतापाच्या आणि भीतीच्या वेळीही तीच फट शोधण्याची सवय लागते. ज्यांचे सांधे खरोखर आजारी आहेत त्यांनी आधी सांगितल्यास खुर्ची मिळते आणि ती घेण्यात कमीपणा नाही; साधना संवेदनेवर चालते, मांडीवर नाही.

रोज संध्याकाळी सात वाजता गोयंकाजींच्या ध्वनिचित्रमुद्रित प्रवचनाची बैठक असते. दिवसभरात जे झाले त्याचा अर्थ त्यात इतक्या नेमकेपणाने सांगितलेला असतो की आपली त्या दिवसाची अवस्था यांना कशी कळली, असे वाटते. त्यांची हिंदी सोपी, गोष्टीवेल्हाळ आणि आपल्याकडच्या कीर्तनाच्या उत्तररंगाची आठवण करून देणारी आहे. माझा आक्षेप असलाच तर मांडणीवर आहे. साधनेचा भाग पूर्णपणे अनुभवावर तपासण्याजोगा आहे, पण त्याच्या जोडीने संस्कारांचे, म्हणजे मनावर साचत गेलेल्या ठशांचे, आणि पुनर्जन्माचे जे विवेचन येते ते ऐकणाऱ्याने विश्वासावरच घ्यावे लागते, आणि या दोहोंमधली सीमा प्रवचनात पुरेशी ठळक होत नाही. याला उत्तर म्हणून त्यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली आहे. आईने दिलेल्या खिरीतली वेलची काळे खडे आहेत असे समजून मूल खीरच नाकारते. त्याने खडे बाजूला काढून उरलेली खीर तरी खावी. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते. पुनर्जन्म न मानणाऱ्या व्यक्तीला या शिबिरात अडचण येत नाही.

भाविक घरातल्या माणसासमोर वेगळा पेच असतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शिबिराच्या काळात जप, नामस्मरण, पोथी, उदबत्ती, उपवास हे सर्व थांबवावे लागते. एकादशी आली तरी उपवास करता येत नाही. गळ्यातली माळ आणि रोजची पूजा ज्यांच्या हाडीमासी खिळली आहे, त्यांना हे जड जाते. माझ्या सासूबाईंनी ‘देवाचे नाव घ्यायला बंदी करतात तिथे कशाला जातेस गं?’ असे विचारले होते, आणि त्यांचा प्रश्न गैर नव्हता. केंद्राची भूमिका अशी की या दहा दिवसांत इतर साधना मिसळू नयेत, म्हणजे या एका पद्धतीचा परिणाम स्वच्छ दिसेल. कोणाचा धर्म किंवा उपासना सोडायला सांगितली जात नाही. परतल्यावर मी सांजवात लावते, सासूबाई जप करतात आणि त्याच वेळी मी शेजारी डोळे मिटून बसते. यात दोघींनाही विरोध वाटत नाही. परंतु जिला दहा दिवस नाम सोडणे म्हणजे अपराध वाटेल, तिने तिथे जाऊन सतत मनाशी झगडत बसण्यापेक्षा आपले नामस्मरणच अधिक मन लावून करावे, असे मी सांगेन.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची साधना शिकवतात, म्हणजे आपल्याला जे मिळाले ते सर्वांना मिळो अशी भावना मनात आणायची, आणि मौन सुटते. अकराव्या दिवशी पहाटे शिबिर संपते. मौन शेवटच्या क्षणापर्यंत न ताणता आदल्या दिवशीच सोडण्याची ही योजना मला अतिशय शहाणपणाची वाटते. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर जेवणघरात एकदम उठलेला बोलण्याचा कल्लोळ अंगावर येतो, दोन तासांत घसा बसतो, आणि बोलता बोलता मन पुन्हा कसे धावू लागते हे अजून साधनेच्या आवारात असतानाच पाहता येते. घराचा पहिला धक्का तिथेच थोडा पचवून घेतला जातो.

आता माझ्या कसोटीकडे येते. शिबिर संपताना साधकाला सांगितले जाते की रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, झोपताना आणि उठल्यावर पाच मिनिटे द्यावीत, जमेल तर आठवड्यातून एकदा इतरांबरोबर सामूहिक साधना करावी आणि वर्षातून एक शिबिर करावे. सांगणे योग्यच आहे. परंतु पहाटे पाण्याची वेळ सांभाळणारी, डबे भरणारी, लोकल पकडणारी आणि संध्याकाळी दारात पाऊल ठेवताच कुकर लावणारी बाई हे दोन तास कुठून काढणार, याचे उत्तर शिबिराच्या रचनेत फारसे नाही. पुरुषांनाही ही अडचण येते, पण त्यांच्या बसण्याला घरात ‘साधना’ म्हणतात आणि बाईच्या बसण्याला पुष्कळदा ‘आता काय हे नवीन’ म्हणतात, हा फरक मोकळेपणाने मान्य करायला हवा. एवढी उत्तम साधना शिकून आलेले कितीतरी लोक काही महिन्यांत ती सोडून देतात आणि वर ‘आपल्याला जमले नाही’ असा सल मनात बाळगतात. दोन तास जमत नसतील तर निदान काय करावे, कोणत्या क्रमाने वाढवावे, घरच्यांशी काय बोलावे, यावर अखेरच्या दिवशी गृहस्थांसाठी एक स्वतंत्र बैठक असायला हवी असे मला मनापासून वाटते. ज्या परंपरेत महालेखापालाच्या कार्यालयात साधना चालत होती, तिच्यापाशी याचे अनुभव नक्कीच असणार.

माझ्या घरात जे टिकले ते असे. सकाळी सर्वांच्या आधी उठून अर्धा तास, आणि संध्याकाळी सांजवातीच्या वेळी जेवढा मिळेल तेवढा वेळ. कधी तो दहा मिनिटांचा असतो. बसण्याची जागा ठरलेली, खाली तीच सतरंजी, आणि त्या वेळेत दार वाजले तर यजमानांनी उघडायचे हे ठरवून घेतलेले. इतके केल्यावर जे मिळते ते बसलेल्या वेळेपेक्षा उरलेल्या दिवसात अधिक दिसते.

उदाहरण बँकेतलेच देते. महिन्याच्या सुरुवातीला निवृत्तिवेतन काढणाऱ्यांची रांग असते आणि नेमके त्याच दिवशी पासबुक छापण्याचे यंत्र अडकते. रांगेतले एक आजोबा काउंटरवर हात आपटून मोठ्याने बोलू लागतात, मागचे त्यांना साथ देतात, आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात, दाढा एकमेकींवर आवळल्या जातात, श्वास छातीतच अडकतो. पूर्वी हे सर्व घडून जायचे आणि मला कळायचे ते फक्त तोंडातून शब्द निसटल्यावर. आता पाळ्या गरम होतात तेव्हाच कळते. राग येतोच, पण त्याची चाहूल लागणे आणि त्याने ताबा घेणे यांमध्ये दोन श्वासांची जागा मिळते, आणि तेवढ्या जागेत ‘आजोबा, तुम्ही जरा बसून घ्या, मी हाताने नोंद करून देते’ हे वाक्य मावते. आजोबांचा सूर लगेच उतरतो असे नाही. पण उरलेली दुपार माझी डोकेदुखीत जात नाही आणि तो संताप घरी येऊन मुलाच्या गृहपाठाच्या वहीवर निघत नाही. ज्याला मी रोजच्या आयुष्यातली शांतता म्हणेन ती एवढीच आहे, आणि तिची किंमत मला मोठी वाटते.

जे बदलत नाही तेही सांगितले पाहिजे. कर्जाचे हप्ते, सासूबाईंचे आजारपण, प्रवासातली गर्दी हे सर्व जसेच्या तसे राहते. मूळ स्वभावही पालटत नाही. मी आधीही काळजी करणारी होते, आजही आहे, फक्त काळजीच्या मागे किती लांब जायचे ते थोडेफार माझ्या हातात आले आहे. पहिल्या आठवड्यात जी हलकी, तरल अवस्था असते ती ओसरते, आणि तिच्या मागे धावणाऱ्याची निराशा होते. साधना पंधरा दिवस सुटली तर दाढा पुन्हा नकळत आवळायला लागतात.

साधना टिकवण्यासाठी केंद्रांकडून जी सोय आहे तिचा उपयोग करून घ्यावा. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरे होतात, अनेक शहरांत आठवड्याची सामूहिक साधना चालते, आणि मुंबईकरांना गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. २००९ साली उद्घाटन झालेल्या या पॅगोडाच्या मुख्य घुमटाखाली एकही आधाराचा खांब नाही आणि सुमारे ८,००० माणसे एकत्र बसू शकतात. बोरिवलीहून खाडी ओलांडून तिथे जाणे म्हणजे निम्मा दिवस प्रवासातच जातो, तरी घरी ढेपाळलेली बैठक अशा एका दिवसाने पुन्हा मार्गी लागते.

काहींनी या शिबिराला जाऊ नये, किंवा आधी डॉक्टरांशी बोलावे, हे ठामपणे लिहिते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्या व्यक्तीसाठी हे उपचारकेंद्र नाही आणि केंद्राच्या नियमावलीतही तसे स्पष्ट म्हटलेले आहे. दिवसाचे दहा तास आत पाहत बसल्यावर दबलेले बरेच काही वर येते, आणि त्या वेळी मनाचा पाया मजबूत असावा लागतो. नुकताच मोठा आघात झाला असेल, झोप उडाली असेल, मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू असतील तर अर्जात काहीही लपवू नका आणि औषधे स्वतःच्या मनाने बंद करून तर मुळीच जाऊ नका. ‘दुःखात आहे, तिला इगतपुरीला पाठवा’ हा नातेवाइकांचा सल्ला चांगल्या हेतूचा असला तरी प्रत्येक वेळी योग्य नसतो.

उरलेल्यांपैकी ज्यांना सारखी चिडचिड होते, ज्यांचे मन एका जागी ठरत नाही, आणि ज्यांची रोज थोडा वेळ बसण्याची खरोखर तयारी आहे, त्यांना मी हे शिबिर निःसंकोचपणे सुचवते. फक्त विश्रांती हवी असेल तर कोकणातले चार दिवस अधिक सुखाचे जातील. आल्या-गेल्याचे दिवस धरून सुट्टी बारा दिवसांची लागते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची तरतूद आहे, तिची आपल्या आस्थापना शाखेत चौकशी करावी. अर्ज संकेतस्थळावरून करता येतो आणि जागा लवकर भरतात. इगतपुरीच्या तारखा जुळल्या नाहीत तर पुण्यात स्वारगेटजवळ, आळंदीजवळ मरकळला, तसेच खडवली, नाशिक, नागपूर आणि कोल्हापूर परिसरातही केंद्रे आहेत. दिनक्रम आणि सूचना सगळीकडे त्याच असल्याने शिकण्यात फरक पडत नाही. पावसाळ्यात इगतपुरीला धुके आणि सततचा पाऊस असतो, कपडे वाळत नाहीत, म्हणून सैल सुती कपड्यांचे जास्त जोड, छत्री, विजेरी आणि एक उबदार शाल बरोबर घ्यावी. तारीख निवडताना मात्र परतल्यावरच्या आठवड्याकडे आधी पाहा: घरात लग्नकार्य, मुलांची परीक्षा किंवा मार्चअखेरचे काम नसेल असा आठवडा निवडा, आणि कामावर रुजू होण्याआधी एक पूर्ण दिवस घरात मोकळा ठेवून बसण्याची जागा आणि वेळ त्याच दिवशी घरच्यांशी बोलून ठरवून टाका.